देवाची खोशी आणि आपखुशी

तीन वर्षं मी गोव्यात, मडगावजवळच्या राय गावात भाड्यानं राहिलो. घर डिचोलीला, नोकरी मडगावात, रोज जाऊन येऊन करायचं म्हणजे कंबरेचं भजं, म्हणून कुणाच्या तरी ओळखीनं एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढच्या बाजूला आंटी एकटी. नवरा तारवटी होता, सगळं आयुष्य बोटीवर गेलं, रिटायर होऊन घरी आला आणि वर्षभरात अर्धांगवायू, मग सात वर्षं अंथरुणात आणि मग गेला. मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात, स्विंडनला. सासष्टीत, म्हणजे मडगावच्या आसपासच्या या तालुक्यात, अशी घरं वाड्यावाड्यावर आहेत, पुढे व्हरांडा, आत एक म्हातारी आणि भिंतीवर व्हिडिओ कॉलसाठी अडकवलेला टॅब.

तर या आंटीचं एक वाक्य मला पहिले सहा महिने फार खुपायचं. विहिरीचा पंप जळला, देवाची खोशी. माडावरचा नारळ पडून कौल फुटलं, देवाची खोशी. नवऱ्याचा विषय निघाला की तेच. मी मनात म्हणायचो अगं बाई पंप जळला कारण व्होल्टेज वरखाली होतंय, स्टॅबिलायझर लाव, देवाला कशाला मध्ये ओढतेस! अर्थात आमच्या घरी तरी काय वेगळं, आजी प्रत्येक गोष्टीला प्रारब्ध म्हणायची. पण स्वतःच्या घरचं कानाला खुपत नाही ना.

पण 'खोशी' हा शब्द डोक्यात राहिला. कोंकणीतल्या 'आमच्या बापा' या प्रार्थनेत तो आहे, 'तुजी खोशी सर्गार जाता तशी संवसारांत जांव'. आंटी रोज संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची तेव्हा भिंतीपलीकडून मला ते पाठच झालं होतं. खोशी म्हणजे इथं इच्छा, मर्जी. पण मूळ तोच फारसी खुश, त्यामुळे आनंदही त्यात आहेच. मराठीतपण बघा, खुशी म्हणजे आनंद, पण 'तुझी खुशी' म्हणजे तुला वाटेल तसं, 'राजीखुशीनं दिलं' म्हणजे जबरदस्ती नव्हती, आणि 'आपखुशीनं' म्हणजे तर पूर्णच आपण होऊन. एका शब्दात देवाचा हुकूम, माणसाचा राजीपणा आणि आनंद तिन्ही कोंबलेत. आणि ख्रिस्ती धर्मात ज्या प्रश्नावर दोन हजार वर्षं डोकी फुटली तो प्रश्न नेमका या तीन गोष्टींच्या मधोमध बसलाय, हे मला एका गुड फ्रायडेला कळलं.

झालं असं की आंटीला इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, न्यायला कुणी नव्हतं आणि माझी स्कूटर होती. म्हटलं सोडतो आणि येतो परत, पण ऊन मी म्हणत होतं आणि आतमध्ये पंखे होते, सो बसलो मागच्या बाकावर. वेदी पूर्ण उघडी, एक कापडसुद्धा नाही. घंटा नाहीत, गुरुवारच्या रात्रीपासून बंद. त्याऐवजी एक पोरगा 'मात्राक' वाजवत होता, लाकडी फळीवर लोखंडी कडी आपटते तो खडखड आवाज, एवढा कोरडा की दातात कळ जाते. नंतर बाहेर क्रूसावरून उतरवण्याचा विधी झाला. मोठा क्रूस, त्यावर लाकडी ख्रिस्त, दोन शिड्या लावल्या, पांढरे कपडे घातलेले चार बाप्ये वर चढले. एकेक खिळा हातोडीनं ठोकून बाहेर काढायचा, लोकांना दाखवायचा, खाली तबकात ठेवायचा. मूर्तीचे खांदे सांध्यात हलणारे असतात हे मला माहीत नव्हतं. उजव्या हाताचा खिळा निघाला आणि तो हात कापडाच्या झोळीतून निसटून असा खाली लोंबला की माझ्या पुढच्या बाकावरची बाई ओरडली. दरवर्षी बघत असणार ती, तरी ओरडली. मग व्हायोलिन आणि मोतेत, म्हणजे लॅटिनमधली भक्तिगीतं, आणि ते शरीर पालखीसारख्या पेटीत घालून मिरवणूक.

पण मला अडकवलं ते त्याआधीच्या वाचनानं. गुड फ्रायडेचं पहिलं वाचन बायबलातल्या यशयाच्या ग्रंथातलं असतं, दुःख सोसणाऱ्या एका सेवकाचं (ख्रिस्ती लोक तो येशूच मानतात), कापायला नेलेल्या कोकरासारखा तो गप्प राहिला वगैरे. तो भाग ऐकायला सुंदर आहे. पण त्याच अध्यायात, 53 व्या, दहाव्या ओळीत असं आहे की त्याला ठेचावं हे परमेश्वराच्या मर्जीस आलं. मी घरी येऊन मराठी बायबलात बघितलं, इंग्लिशमध्ये बघितलं, जुन्या इंग्लिश भाषांतरात तर सरळ देवाला आनंद झाला अशा अर्थाचा शब्द आहे. मूळ हिब्रू क्रियापदच असं आहे म्हणे की त्यात आवडणं पण येतं आणि इच्छिणं पण. म्हणजे आमच्या खोशीचाच सख्खा भाऊ! आणि मग मला खरंच राग आला. हा कसला बाप की ज्याच्या खोशीत पोराला ठेचणं आहे?

हा राग मला एकट्याला आला असं नाही. 1980 च्या दशकाच्या शेवटी काही स्त्रीवादी ख्रिस्ती अभ्यासक बायकांनी हाच मुद्दा फार कडक शब्दांत मांडला, की बाप पोराला मारतो आणि पोरगं गप्प सोसतं आणि त्यालाच तारण म्हणायचं, हे चित्र घराघरात मार खाणाऱ्या बायकापोरांना काय शिकवतं? मला तो आक्षेप अजूनही बिनतोड वाटतो, म्हणजे त्या चित्रावर तरी. प्रश्न एवढाच की ख्रिस्ती श्रद्धा खरंच ते चित्र काढते का.

इथे मी जरा वाचत गेलो, कारण रात्री दुसरं काम नव्हतं. एक गंमत सापडली. येशूची कथा सांगणारी शुभवर्तमानं चार, त्यातलं गुड फ्रायडेला नेहमी योहानचंच वाचतात आणि त्याच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, मत्तय मार्क लूक यांच्यातलं एक. म्हणजे पाच दिवसांत त्याच येशूच्या, अटकेच्या त्याच रात्रीची दोन वर्णनं लोक ऐकतात आणि ती जुळत नाहीत! मार्कमध्ये गेथशेमाने बागेत येशू जमिनीवर पडतो, अब्बा, म्हणजे बाबा, म्हणतो, तुला सगळं शक्य आहे, हा दुःखाचा प्याला काढून घे माझ्यापुढून, तरी माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होऊ दे. आणि हे एकदा म्हणून भागत नाही, परत येतो, शिष्य झोपलेत, परत जाऊन तेच म्हणतो. लूकमध्ये घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडतो. आणि योहानात? योहानात बागेत कसली विनवणी नाही. शिपाई येतात तर हा स्वतःच पुढे होऊन विचारतो कोणाला शोधताय, मीच तो, आणि शिपाईच मागे सरून पडतात. पेत्र हा शिष्य तलवार काढतो तर त्याला म्हणतो म्यान कर, बापानं दिलेला प्याला मी प्यायचा नाही का? आणि त्याच योहानात आधी दहाव्या अध्यायात स्वच्छ सांगितलंय, माझा जीव माझ्याकडून कोणी घेत नाही, मी आपण होऊन देतो. मी ते 'आपखुशीनं' असं वाचतो.

आता एक घाबरलेला माणूस आणि एक सगळं हातात असलेला देव, यातला खरा कोणता? मला वाटायचं चर्चनं यातलं एक निवडलं असणार. नाही निवडलं. उलट एक निवडायला जो आला त्याच्याशी भांडण झालं. सातव्या शतकात बायझंटाईन सम्राटांना साम्राज्यातले वेगवेगळे ख्रिस्ती पंथ एका सूत्रात बांधायचे होते, म्हणून त्यांनी एक सोयीचा तोडगा पुढे केला, की ख्रिस्तात इच्छाशक्ती एकच, दैवी. म्हणजे गेथशेमानेतलं ते 'नको' जवळजवळ नाटकच झालं. मॅक्सिमस नावाचा एक साधू याच्या आडवा आला. त्याचं म्हणणं, माणसाच्या शरीराला मरण नको असतं हे पाप नाही, तो निसर्ग आहे, आणि ख्रिस्त जर पूर्ण माणूस असेल तर त्याच्याजवळ माणसाची स्वतंत्र इच्छा असलीच पाहिजे, ती 'नको' म्हणणारी, आणि मग 'हो' पण तिनंच म्हटलं पाहिजे. तारण झालं ते त्या माणसाच्या 'हो'त. सम्राटानं आधी या विषयावर बोलायलाच बंदी घातली, तरी हा बोलत राहिला, म्हणून 662 मध्ये ऐंशीच्या घरातल्या या म्हाताऱ्याची जीभ आणि उजवा हात तोडला, कारण बोलायचं आणि लिहायचं साधन तेच, आणि हद्दपार केलं, तिथंच तो त्याच वर्षी मेला. पुढं 19 वर्षांनी कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं त्याच्याच बाजूनं ठराव केला, ख्रिस्तात दोन इच्छा, दैवी आणि मानवी, आणि मानवी इच्छा दैवी इच्छेमागून चालते पण पुसली जात नाही.

मला हे वाचून एकदम हलकं वाटलं, का ते सांगता येत नाही नीट. बहुतेक म्हणून की माझं सगळं गणित बाप एकीकडे आणि पोरगा दुसरीकडे असं दोन वेगळ्या माणसांचं होतं. यांच्या हिशोबात देणारा आणि दिला जाणारा देव एकच आहे, ठेचणारा वर सुरक्षित बसलेला नाही. आणि दुसरं म्हणजे जबरदस्ती हा शब्द तिथं बसत नाही, बारा पलटणी देवदूत बोलवू शकतो असं तोच म्हणतो आणि बोलवत नाही.

बरं, याच्यानं प्रश्न संपला का? अजिबात नाही, कारण पेत्राचं पहिलं भाषण आहे बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, त्यात तो एकाच वाक्यात म्हणतो की देवाच्या ठरलेल्या योजनेनं याला तुमच्या हाती दिला आणि तुम्ही याला क्रूसावर मारलंत. अरे म्हणजे ठरलेलं पण होतं आणि दोष पण तुमचा! योजना आधीची असेल तर शिक्षा सुनावणाऱ्या पिलाताचा, पकडून देणाऱ्या यहूदाचा काय गुन्हा? ऑगस्टीन ते कॅल्व्हिन सगळे धर्मपंडित याच्यावर घासलेत. त्यात सगळ्यात भारी किस्सा सोळाव्या शतकाच्या शेवटचा. मोलिना नावाच्या जेझुइटानं (जेझुइट हा कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) 1588 मध्ये लिस्बनला पुस्तक छापलं, की देवाला आधीच माहीत असतं कुठल्या परिस्थितीत कोण माणूस आपण होऊन काय निवडेल, आणि त्या माहितीवर तो जग रचतो, म्हणजे राज्य देवाचं आणि निवड तुमची, दोन्ही शाबूत. डोमिनिकन हा दुसरा संघ, ते खवळले, म्हणाले मग देव माणसाच्या निवडीवर अवलंबून झाला की. रोममध्ये चौकशी बसली, वर्षानुवर्षं वाद, दोन पोप त्या काळात गेले, आणि शेवटी 1607 मध्ये पाचव्या पॉलनं काय निकाल दिला तर काहीच नाही. दोघांनी एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही, निकाल आम्ही योग्य वेळी देऊ. ती योग्य वेळ अजून आलेली नाही. आमच्या पंचायतीत पण असंच होतं, फाईल वर गेली की गेली.

मजा म्हणजे हे रोममध्ये चाललं होतं तेव्हा त्याच जेझुइट संघातला एक इंग्रज आमच्या सासष्टीत बसून मराठीत ओव्या रचत होता. फादर थॉमस स्टीफन्स, 1579 ला गोव्यात आला, 1619 ला इथेच गेला. त्याचं ख्रिस्तपुराण, बायबलची कथा ओव्यांत, 1616 ला रायतूरला छापलं, रोमन लिपीत, मराठी. मी एमएला ते परीक्षेपुरतं वाचलं होतं, भाषेची गोडी वगैरे लिहून मार्क घेतले आणि विसरलो. रायतूर रायहून स्कूटरवर पाच-दहा मिनिटांवर. त्या गुड फ्रायडेनंतर एका रविवारी तिथल्या सेमिनरीच्या, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेच्या, पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि परत उघडलं. हजारो ओव्या, अगदी आपल्या पुराणासारख्या, कथा लावत लावत. वाद रोममध्ये सोडून यानं गोष्ट सांगितली. मला वाटतं शहाणा होता.

पण थांबा, सासष्टीचं नाव काढलं आणि कुंकळ्ळीबद्दल बोललो नाही तर माझ्या डिचोलीच्या मित्रांना तोंड दाखवता येणार नाही. 1567 मध्ये पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडली. 1583 च्या जुलैत कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना मारलं, त्यात रोदोल्फो आक्वाविवा, जो आधी अकबराच्या दरबारात राहून आलेला. जेझुइटांच्या वृत्तांतात आहे की त्यानं झग्याची कॉलर सोडून मान पुढं केली. म्हणजे ती बागेतली गोष्ट त्यानं अंगात घेतली होती, मला त्याबद्दल आदर आहे. 1893 मध्ये त्या पाचांना चर्चनं धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. आणि पुढं काय झालं तर कुंकळ्ळीच्या गावकार प्रमुखांना बोलणी करायला म्हणून आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. त्यांचं स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. त्यांची मान कुणी विचारून घेतली नाही. 'जीव कोणी घेत नाही, मी देतो' हे वाक्य ज्यांच्या ग्रंथातलं त्यांच्याच राज्यानं लोकांकडून देवळं, जमिनी, जीव असे न विचारता घेतले, आणि हे मला लिहायलाच पाहिजे, नाहीतर वरचं सगळं खोटं वाटेल. देवाची खोशी सांगणारा माणूस आणि तलवार असलेला माणूस एकच झाला की 'आपखुशी' शब्दाला काही अर्थ उरत नाही.

त्यामानानं मला आवडतं ते दुसरं टोक. दिवसातून तीनदा इगर्जीत आंजेलूसची घंटा होते, रायला संध्याकाळची मला रोज ऐकू यायची. त्या प्रार्थनेत, देवदूत येशूच्या जन्माचा निरोप घेऊन येतो तेव्हाचं, येशूच्या आईचं, मारियेचं वाक्य आहे, तुझ्या शब्दाप्रमाणे माझ्या बाबतीत होवो. बाराव्या शतकातला बर्नार्ड नावाचा साधू एका प्रवचनात म्हणतो की देवदूत उत्तराची वाट बघतोय, सगळं जग वाट बघतंय, लवकर बोल. म्हणजे सर्वसत्ताधीश देव एका खेड्यातल्या पोरीच्या 'हो'साठी दारात थांबलाय. सार्वभौम सत्तेचं हे चित्र मला पटतं, पटतं म्हणजे निदान त्या सत्तेची भीती वाटत नाही.

आता आंटी. हे सगळं वाचून फुगलेला मी, पुढच्या रविवारी तिच्या व्हरांड्यात. तिनं उकड्या तांदळाची पेज आणि तोरांचं लोणचं पुढं ठेवलं होतं. मी विचारलंच, आंटी, अंकलच्या त्या सात वर्षांना तू देवाची खोशी म्हणतेस, पण तुला ती खुशीची होती का? ती थोडा वेळ लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवत राहिली. मग म्हणाली पुता, पहिलं वर्ष मी रोज भांडायचे. देवाला सांगायचे, म्हाका हें नाका. मोठ्यानं म्हणायचे, शेजारी ऐकायचे. मुलगा फोनवर म्हणायचा आझिलात, म्हणजे वृद्धाश्रमात, ठेवूया, पैसे मी देतो, नन चांगल्या बघतात. ते पण चूक नव्हतं, ती म्हणाली, माझी बहीण तिच्या सासूला ठेवून आली आणि मी तिला कधी नाव ठेवलं नाही. मग? मग एकदा दीर आला आणि कॉट शेजारी उभा राहून मला प्रवचन द्यायला लागला, प्रत्येकानं आपला खुरीस, म्हणजे क्रूस, वाहायचा असतो, येशूनं वाहिला, तू पण वाहा. मी म्हटलं, तुजो खुरीस तूं व्हर, म्हजो हांव पळयतां! आणि त्याला चहा न देता घालवला. हे सांगताना ती हसत होती, पण हात थरथरत होता.

आणि मग त्या रात्री, ती म्हणाली, त्याला कूस बदलून देताना मला वाटलं आता मला करायचंय. कोण सांगतंय म्हणून नाही. एवढंच. पुढं सहा वर्षं केलं, त्यातही खूपदा कंटाळा आला, शिव्या पण दिल्या.

मी म्हटलं मग याला तू देवाची खोशी का म्हणतेस, तुझी म्हण ना. तर ती माझ्याकडे असं बघायला लागली जसं मी मात्राक वाजवणारा पोरगा आणि चुकीच्या वेळी वाजवलीय. म्हणाली, दोगांयची. आणि पंपाचं काय, मी विचारलं. पंप जळला तो वीज खात्याची खोशी, ती म्हणाली. स्टॅबिलायझर मीच आणून लावला मग.

पुढच्या वर्षी पवित्र गुरुवारी रात्री साडेनऊला तिनं दार वाजवलं, इगर्जीत जागरण असतं, मध्यरात्रीपर्यंत लोक आळीपाळीनं बसतात, बागेतल्या त्या रात्रीची आठवण म्हणून. मी दिवसभर ऑडिटमध्ये पिसलेला, तरी म्हटलं चल. फुलांचा वास, मेणबत्त्या, कोण काही बोलत नाही, पंखा हळू. दहा वाजून काहीतरी मिनिटांनी माझी मान खाली गेली असावी. दंडाला जोरात चिमटा बसला तेव्हा जागा झालो. आंटी कानाशी कुजबुजत होती, एक वरूय जागो रावंक जमलें ना तुका?